लानाची पकड

[दृश्य १ : ताळगाव पठारावर जुलैचा पाऊस. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी. कॅमेरा आत वळतो.]

या दिवसांत गोव्यात पुठ्ठ्याचं खोकं नुसतं ठेवलं तरी त्याला बुरशी धरते. म्हणून पेशी वाढवायच्या खोलीत पुठ्ठा न्यायचाच नाही. हातमोज्यांची खोकी बाहेरच फोडायची. इनक्युबेटरच्या तळाशी असलेल्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदलायचं, तेही निर्जंतुक डिस्टिल्ड. पावसाळ्यात पेशी स्वच्छ राखणं हे इथलं अर्धं काम, आणि ते कुठल्याच शोधनिबंधात छापलं जात नाही. उरलेलं अर्धं म्हणजे पेशींत दडून बसणारा एक विषाणू गुणसूत्रांना कसा धरून राहतो ते बघणं.

[दृश्य २ : इनक्युबेटरचं दार उघडतं. फ्लास्क प्रकाशात धरलेला.]

३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. माध्यमात तरंगताहेत त्या बीसीबीएल-१ पेशी, मूळच्या एका लिम्फोमातल्या, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगातल्या. यांच्या केंद्रकात केएसएचव्ही आहे. हर्पिस कुळातला हा विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाला १९९४ साली कपोसी सार्कोमा या कर्करोगाच्या गाठींत सापडला. पेशींची संख्या मिलिलिटरला २ ते १० लाखांच्या दरम्यान ठेवायची. त्याहून दाट झाल्या की मरू लागतात, आणि मेलेल्या पेशींनी पुढची सगळी मोजमापं गढूळ होतात.

बहुतेक पेशींत विषाणू सुप्त आहे. तो नवे कण बनवत नाही. त्याचा सुमारे १ लाख ६५ हजार बेसजोड्यांचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत शिरलेलाही नाही. गोल कड्यासारखा वेगळा राहिलाय. अडचण येते ती पेशी दुभंगताना. केंद्रकाचं आवरण विरतं, गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जातात. या सुट्या कड्याला कोण ओढणार? मागे राहिलं तर ते नव्या केंद्रकाबाहेर पडतं आणि नष्ट होतं.

[दृश्य ३ : काचपट्टी तयार होताना, हातांचा क्लोजअप.]

ते बघायला पेशी कोल्सेमिडने विभाजनाच्या मध्यावर अडवतात. मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १० ते १५ मिनिटं. पेशी फुगतात, गुणसूत्रं सुटी होतात. सेंट्रिफ्यूजने त्या थेट काचपट्टीवर बसवायच्या. इथे एक सवय मोडावी लागते. गुणसूत्रं मोजायला नेहमी मिथेनॉल आणि अॅसेटिक अॅसिड वापरतात, पण त्या आम्लाने हिस्टोनसारखी, म्हणजे डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो ती, प्रथिनं निघून जातात. आपल्याला प्रथिनंच बघायची आहेत, तेव्हा ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड.

[दृश्य ४ : सूक्ष्मदर्शकाचा पडदा. निळी गुणसूत्रं, त्यांवर हिरवे ठिपके. दृश्य ८ सेकंद धरावं.]

हिरवा ठिपका म्हणजे लाना. विषाणूचंच प्रथिन. विषाणूच्या कड्याला गुणसूत्राशी तेच बांधतं.

[दृश्य ५ : पणजी–बेती फेरीबोट धक्क्याला लागते, दोर फेकला जातो. त्यावर रेखाचित्र.]

फेरीबोट धक्क्याला बांधायला एक दोर पुरतो, दोन्ही टोकं पक्की हवीत. लानाचं मागचं टोक विषाणूच्या डीएनएला धरतं. या डीएनएच्या एका भागात ८०१ बेसजोड्यांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. त्या प्रत्येकात लाना बसायच्या जागा आहेत. पुढचं टोक न्यूक्लिओसोमला, म्हणजे हिस्टोनवर गुंडाळलेल्या डीएनएच्या गुंडीला, धरतं. एच२ए आणि एच२बी या हिस्टोनच्या जोडीवर ऋणभारित खोबण आहे, तिच्यात लानाची चिमुकली हेअरपिन रुतते. ही रचना २००६ साली स्फटिकांच्या अभ्यासातून दिसली. सगळी मदार जेमतेम दहा अमिनो आम्लांवर, त्यातही नवव्या क्रमांकाच्या आर्जिनिनवर. आठ, नऊ, दहा या तीन जागी अॅलानिन घातलं की पकड सुटते.

[दृश्य ६ : बर्फात नळी, सोनिकेटरची टोकदार दांडी. मूळ आवाज ठेवावा : "ताई, फेस आला!" "थांबव. बर्फात ठेव आधी."]

ठिपका दिसला, तरी लाना नेमका डीएनएच्या कुठल्या भागावर बसलाय हे कळत नाही. त्यासाठी चिप : प्रथिन डीएनएवर जखडायचं, डीएनए तोडायचा, अँटिबॉडीने ते प्रथिन ओढून काढायचं आणि सोबत आलेला डीएनए ओळखायचा. सुमारे १ कोटी पेशी, १ टक्का फॉर्माल्डिहाइड, १० मिनिटं. घड्याळ लावूनच. जास्त वेळ ठेवलं तर प्रथिनं इतकी घट्ट जखडतात की डीएनए तुटत नाही आणि अँटिबॉडीला तिची जागा सापडत नाही. ०.१२५ मोलर ग्लायसिनने ५ मिनिटांत क्रिया थांबवायची. पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरमधला एसडीएस हा साबण बर्फावर पांढरा होऊन तळाशी बसतो, म्हणून तो आधी खोलीच्या तापमानाला आणायचा.

मग डीएनए तोडायला ध्वनिलहरी. ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद. दांडी द्रवात नीट बुडलेली हवी, तळाला टेकता कामा नये. वर आली की फेस होतो, आणि फेसात ऊर्जा पोचत नाही. २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे झाले का, हे जेलवर बघूनच पुढे जायचं. ही पायरी गाळणारे बरेच असतात, आणि आठवड्याभराने अँटिबॉडीच्या नावाने बोटं मोडतात.

[दृश्य ७ : चुंबकाला चिकटलेले तपकिरी मणी. क्यूपीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या यंत्राच्या, वर चढणाऱ्या रेषा.]

रात्रभर ४ अंशांवर अँटिबॉडी, मग चुंबकी मणी, धुण्या, मग जखडलेले बंध सोडवायला पुन्हा रात्रभर ६५ अंश. शेवटी मोजणी. त्या ८०१ बेसजोड्यांच्या तुकड्यात डीएनएची जी आणि सी ही अक्षरं ठासून भरलीत, त्यामुळे साधी पीसीआर अडखळते. शिवाय एका विषाणूत त्याच्या कित्येक प्रती, म्हणजे आकडा आपोआप फुगणार. इनपुटशी, म्हणजे अँटिबॉडी घालण्याआधीच्या नमुन्याशी, भागल्याशिवाय आणि लानाला न ओळखणाऱ्या साध्या आयजीजी अँटिबॉडीच्या नळीशी ताडल्याशिवाय त्या रेषेला अर्थ नाही.

याच पद्धतीने हिस्टोनवरच्या खुणाही वाचता येतात. विषाणूच्या कणातून येणाऱ्या डीएनएवर हिस्टोन नसतात. केंद्रकात पोचल्यावर पेशी त्यावर हिस्टोन चढवते, पुढे बऱ्याच भागावर एच३के२७एमई३ ही गप्प करणारी खूण बसते. पेशीचा हा बंदोबस्त विषाणूच्या पथ्यावरच पडतो, कारण गप्प राहूनच तो सुप्त टिकतो.

[दृश्य ८ : औषधाच्या कुप्या, एकच शॉट.]

हर्पिसवरची नेहमीची औषधं विषाणूच्या डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेजला अडवतात. सुप्त विषाणू ते वापरत नाही, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. कपोसी सार्कोमा आणि काही लिम्फोमांचं मूळ तसंच राहतं.

[दृश्य ९ : पुन्हा रेखाचित्र, आता मागचं टोक ठळक.]

न्यूक्लिओसोमची खोबण बुजवावी, तर आरसीसी१ सारखी पेशीची स्वतःची प्रथिनंही तिथेच टेकतात. निरोगी पेशीलाही झळ बसेल. लानाचं मागचं टोक मात्र फक्त विषाणूचं आहे. ते डीएनएवरून सोडवणारे छोटे रेणू सापडलेत, पण अजून प्रयोगशाळेतच आहेत.