अस्तराच्या आतले जॅकेट

अंगात घातलेल्या जॅकेटचे वरचे लोकरी कापड दिसते, फार तर आतले गुळगुळीत अस्तर दिसते. परंतु त्याचा घाट ठरतो तो या दोहोंच्या मधे दडलेल्या कॅनव्हास नावाच्या ताठ कापडावर, आणि घरी पहिल्यांदाच जॅकेट शिवायला घेणाऱ्याचा बराचसा वेळ या न दिसणाऱ्या थरावरच जातो. वर्षानुवर्षे ब्लाऊज आणि कुडते शिवत आलेल्या हाताला हे सुरुवातीला चमत्कारिक वाटते. ब्लाऊज अंगाबरोबर बसतो तो टक्समुळे. जॅकेटला टक्स मोजकेच असतात आणि उरलेला घाट वाफ, इस्त्री व हाताचे टाके यांतून काढावा लागतो. यंत्रावर टिपा मारणे हे या सगळ्यातले सर्वांत सोपे आणि लवकर आटोपणारे काम आहे.

ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या गिरणीतून पुढे रेमंडचे नाव घरोघरी पोहोचले, आणि लग्नाच्या आहेरात सूटपीस देण्याची पद्धतही आपल्याकडे चांगलीच रुळली. त्यामुळे अनेक मराठी घरांच्या कपाटात असा एखादा पीस न शिवता पडून असतो. त्यावर कात्री चालवण्याआधी कडेचे दोन-तीन धागे ओढून, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर नेताच ती विझते आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर मात्र वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र धाग्याच्या कापडात ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात. ही परीक्षा महत्त्वाची, कारण लोकरीला वाफेने आकसवता आणि वळवता येते, तर पॉलिएस्टर या बाबतीत हटवादी असते. दीडशे सेंटिमीटर पन्ह्याचे सुमारे दोन मीटर कापड एका जॅकेटला पुरते. चौकडी असेल तर रेघा जुळवण्यासाठी थोडे अधिक घ्यावे.

बेतण्यापूर्वी दोन कामे उरकावी लागतात. पहिले म्हणजे कापडाला भरपूर वाफ देऊन ते आधीच आकसवून घेणे. दुसरे म्हणजे स्वस्त मांजरपाटाचे जॅकेट कच्च्या टाक्यांनी जोडून अंगावर चढवून पाहणे. मानेजवळून मुंढ्याकडे तिरप्या सुरकुत्या उतरत असतील तर खांदे नमुन्यापेक्षा उतरते आहेत, आणि पाठीवर गळ्याखाली आडवी घडी साचत असेल तर ते अधिक चौकोनी आहेत, असे समजावे. या दुरुस्त्या मांजरपाटावर पेनाने रेघ ओढून होतात. लोकरी कापडात त्याच दुरुस्त्या करायला खांद्याची आणि बाजूंची शिवण उसवावी लागते.

आता कॅनव्हास. याच्या आडव्या धाग्यात बकऱ्याचे किंवा घोड्याचे केस असल्यामुळे तो दुमडला तरी पुन्हा उसळून सरळ होतो. त्यातला टक्स दुमडून शिवत नाहीत; तो कापून टाकतात आणि कडेला कड भिडवून खालून पट्टी लावतात, म्हणजे छातीवर जाडी येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार कपड्यांच्या कारखान्यांनी कॅनव्हासऐवजी इस्त्रीने चिकटणारे अस्तर सर्रास वापरायला सुरुवात केली. घरच्या कामातही खिशांच्या झडपांना ते बिनदिक्कत वापरावे. लॅपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर बाहेर दुमडलेला भाग, मात्र हाताच्या टाक्यांनी भरावी, कारण तिची वळण्याची लकब चिकटवून येत नाही.

लॅपल जिथे दुमडते त्या रेषेवर सुती पट्टी लावतात आणि ती सुमारे पाऊण सेंटिमीटर आखूड ठेवतात. त्यामुळे पुढचा भाग छातीपासून सुटून झोल घेत नाही. त्यानंतर लॅपल डाव्या हाताच्या तर्जनीवर गोल वळवून धरायची आणि कॅनव्हासच्या बाजूने तिरपे टाके ओळीने घालत जायचे. सुई प्रत्येक वेळी खालच्या कापडाचा एखादाच धागा उचलते. तिचे टोक बोटाला जाणवले की ती लगेच परत फिरवायची. दुमडीजवळ टाके सेंटिमीटरभर लांबीचे चालतात, टोकाकडे ते निम्मे होतात. कापड वळलेल्या अवस्थेतच टाके पडत असल्याने दोन थरांच्या लांबीत किंचित फरक राहतो, आणि हात काढून घेतला तरी लॅपल आपोआप वळलेली राहते. मागच्या बाजूला टाक्यांचे बारीक खळगे दिसतात. ती बाजू खाली जाणार असल्यामुळे त्यांची काळजी करण्याचे कारण नाही.

इस्त्रीचे काम शिवणाइतकेच मोठे आहे. ओलसर फडक्यावरून वाफ दिली की लोकरीच्या तंतूंतील काही बंध सैल होतात आणि कापड थंड व कोरडे होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून इस्त्री उचलताच लाकडी ठोकळा दाबून धरायचा, आणि कापड निवेपर्यंत ते हलवायचे नाही. गरम कापड उचलून पाहण्याची घाई बहुतेक नवशिक्यांना होते, आणि दाबलेली कड तिथेच पुन्हा फुगते.

बाही हा सर्वांत अवघड टप्पा मानला जातो. तिचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर लांब असतो, आणि ही जास्तीची लांबी एकही चूण न दिसता सामावली गेली पाहिजे. त्यासाठी कडेला धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून दोरे हलकेच ओढतात, गोल भाग भुसा भरलेल्या घट्ट उशीवर ठेवतात आणि वाफ देत तो आकसवतात. त्यानंतर बाही कच्च्या टाक्याने जोडून जॅकेट घालून पाहायचे. हात सहजपणे खाली सोडला असता तो थोडा पुढे झुकतो. बाही त्याच कोनात लोंबली नाही, तर ती काढून मुंढ्यात किंचित फिरवून पुन्हा लावावी लागते.

अस्तराला पाठीच्या मधोमध उभी घडी आणि खालच्या कडेला सैल दुमड ठेवली की हात पुढे केल्यावर ते ताणले जात नाही. उरतात ती काजे. ती हाताने करण्याइतका सराव नसेल, तर जॅकेट बाजारातल्या काज-बटणाच्या दुकानात न्यायला हरकत नाही. मात्र कोटाचे, एका टोकाला गोल भोक असलेले काज शर्टाच्या यंत्रावर होत नाही; म्हणून तसे काज तिथे होते का, हे आधी विचारून घ्यावे आणि उरलेल्या कापडाच्या दोन थरांत कॅनव्हास घालून त्यावर एक काज करून मागावे.