कोणाच्या भरवशावर निघायचं?

[दृश्य: इजिप्तमधलं सक्कारा. पायऱ्यांचा पिरॅमिड. कॅमेरा आवारातल्या एका भिंतीवर येतो.]

इसवी सनापूर्वीचं तेरावं शतक. दुसऱ्या रामसेसची कारकीर्द. खजिन्यात लेखनिक असलेला हादनाख्त नावाचा एक माणूस भावाला सोबत घेऊन इथं आला आणि आल्याची नोंद भिंतीवर करून गेला. सरकारी काम नव्हतं. मेम्फिस या जुन्या राजधानीच्या पश्चिमेला जरा हिंडावं, मन रमवावं म्हणून आलो, असं त्यानं स्वच्छ लिहिलंय. जाता जाता देवांकडे दीर्घायुष्यही मागून घेतलंय. तो आला तेव्हा जोसेर राजाच्या या पिरॅमिडला सुमारे १४०० वर्षं होऊन गेली होती. त्याच्या लेखीसुद्धा ही जुनीपुराणी वास्तूच.

म्हणजे फिरायची हौस रेल्वेनं आणली नाही आणि विमानानंही नाही. भिंतीवर नाव खरडायची खोडसुद्धा आजकालच्या पोरांची नव्हे. अडायचं ते दुसरीकडेच. घर सोडल्यावर निजायचं कुठं, खायचं काय, वाटेत लुटलं तर दाद कोणाकडे मागायची, आणि समोर जे दिसतंय ते काय आहे हे सांगणार कोण? पर्यटनाचा इतिहास वाहनांच्या अंगानं नेहमीच सांगतात. आपण या प्रश्नांच्या अंगानं पाहू.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर सर्वांत आधी मिळालं आणि बरंचसं चुकीचं मिळालं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस गिझाला पोचला. पिरॅमिडवर काहीतरी कोरलेलं होतं, पण त्याला ती लिपी येत नव्हती. दुभाष्यानं वाचून दाखवलं की मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर १६०० टॅलेंट (वजनाचं एक जुनं माप) चांदी खर्ची पडली. हेरोडोटसनं ते इमानेइतबारे नोंदवलं. राजाच्या थडग्यावर कोणी कांद्यालसणाचा हिशेब कोरेल का? दुभाष्यानं बहुधा दिलं ठोकून. पुढं सहाएकशे वर्षांनी पॉसेनियस हा ग्रीक प्रवासलेखक ग्रीसभर हिंडला. अर्गोसच्या वाटाड्यांविषयी तो म्हणतो, आपण सांगतो ते सगळं खरं नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, तरी ते तेच सांगतात.

[दृश्य: दगडी रोमन रस्ता, कडेला मैलाचा दगड.]

रस्त्याचा प्रश्न रोमनांनी सोडवला. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये व्हिया अप्पिया या रस्त्याचं काम सुरू झालं. पुढं साम्राज्यातल्या मुख्य रस्त्यांची लांबी ८०,००० किलोमीटरच्या घरात गेली. मैलाचे दगड, घोडे बदलायचे टप्पे, मुक्कामाच्या जागा, सगळं आलं. ही सोय होती सैन्यासाठी आणि सरकारी डाकेसाठी. हौशी मंडळींनी तिचा फायदा उठवला. इजिप्त हे त्यांचं आवडतं ठिकाण. राजांच्या खोऱ्यात सहाव्या रामसेसच्या थडग्याच्या भिंतींवर ग्रीक आणि लॅटिन प्रवाशांनी हजाराच्या आसपास नोंदी करून ठेवल्यात. एकानं लिहिलंय की ही चित्रलिपी मला वाचता येत नाही. त्यावर दुसऱ्यानं विचारलंय, नाही येत वाचता, तर तुझं अडलंय काय?

साम्राज्य ढासळलं आणि हौशी प्रवास आटला. पण माणसं फिरायची थांबली नाहीत, कारण धर्माचा आधार होता. सातव्या शतकात ह्युएन त्संग सम्राटाची बंदी मोडून चीनबाहेर पडला. मठांच्या आश्रयानं, राजांच्या मदतीनं तो भारतात पोचला, नालंदात शिकला आणि ६४५ मध्ये परतला. तेव्हा त्याच सम्राटानं त्याचं स्वागत केलं. १३२५ मध्ये २१ वर्षांचा इब्न बतूता मोरोक्कोतल्या टँजियरहून हजला निघाला आणि पुढची जवळपास तीन दशकं फिरत राहिला. तांडे, धर्मशाळा, सुफींचे मठ यांच्या जोरावर. कायद्याचं शिक्षण होतंच, त्यामुळं दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकानं त्याला काझी नेमलं. प्रवासाचा खर्च वाटेतच नोकरी करून निघाला म्हणायचा.

[दृश्य: व्हेनिस. सान मार्को चौक, मग जुन्या चित्रातलं वल्ह्यांचं जहाज.]

पॅकेज टूर एकोणिसाव्या शतकात थॉमस कुक या इंग्रज माणसानं शोधली असं सर्रास सांगितलं जातं. पंधराव्या शतकातल्या व्हेनिसकडे पाहिलं की ते पटत नाही. जेरुसलेमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा धंदा इथल्या जहाजमालकांच्या हातात होता आणि सरकारची त्यावर नजर होती. यात्रेकरू रक्कम भरायचा आणि कप्तानाशी लेखी करार करायचा. उल्म शहरातल्या मठातला फेलिक्स फाब्री १४८० आणि १४८३ मध्ये दोनदा या वाटेनं गेला. कराराची कलमं त्यानं तपशिलात दिली आहेत. दिवसातून दोनदा जेवण, वल्ही मारणाऱ्यांच्या त्रासापासून संरक्षण, पवित्र भूमीतले कर कप्तानानं भरायचे. आणि यात्रेकरूंनी सोबत घेतलेल्या कोंबड्या ठेवायला जहाजावर सोयीची जागा द्यायची! ज्यानं हे कलम घालून घेतलं, तो आधी कधीतरी चांगलाच पोळलेला असणार. वाटेतली जबाबदारी पैसे घेऊन दुसऱ्यानं उचलायची, ही कल्पना इथं पुरती आकाराला आलेली दिसते.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या ‘ग्रँड टूर’चं फार कौतुक होतं. इंग्लंडमधली श्रीमंतांची मुलं शिक्षकाला सोबत घेऊन पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम पाहत फिरायची. आल्प्स ओलांडताना बग्गी सुटी करून खेचरांवर लादायची आणि धाकटे सरदार माणसांच्या खांद्यावरच्या खुर्चीत बसायचे. तिथंही भरवसा विकतच घेतलेला, फक्त मूठभरांना परवडेल अशा भावात.

[दृश्य: वाफेचं इंजिन, उघडे डबे.]

आता कुक. ५ जुलै १८४१. लेस्टरहून लाफबरोला १८ किलोमीटर, दारूबंदीच्या सभेला. माणसं सुमारे ५००, जाऊन-येऊन तिकीट एक शिलिंग. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० पासूनच धावत होती. कुकनं ना इंजिन बांधलं, ना रूळ टाकले. हा सुतारकाम करणारा धर्मप्रचारक रेल्वे कंपनीशी बोलला, घाऊक दर ठरवला आणि बाकीचं स्वतःच्या अंगावर घेतलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाला त्यानं सुमारे दीड लाख लोक नेले. पुढं हॉटेलची कूपनं आली, परदेशात वटवायच्या हुंड्या आल्या. १८७२ मध्ये तर तो पर्यटकांना घेऊन २२२ दिवसांच्या जगप्रदक्षिणेला निघाला.

याचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. घरचा पुरुष सोबत नसताना बाईनं परदेशी जाणं तेव्हा जवळपास अशक्यच. कुकच्या सहलीत ते चारचौघांत खपून जायचं, त्यामुळं बायका मोठ्या संख्येनं येऊ लागल्या. वरच्या वर्गाला मात्र हे सहन होईना. इटलीत ब्रिटनचा वाणिज्य प्रतिनिधी असलेल्या चार्ल्स लीव्हर या लेखकानं १८६५ मध्ये छापून टाकलं की ही माणसं म्हणजे ऑस्ट्रेलियानं नाकारलेले कैदी आहेत, सरकार त्यांना इटलीत आणून सोडतंय. पर्यटकाला हसणारा स्वतःला कायम प्रवासीच समजतो, ही जातही जुनीच.

तरी एक अडचण कुकला सोडवता येत नव्हती, ती म्हणजे सुटी. मजुरानं रजा घेतली की पगार बुडायचा. जून १९३६ मध्ये फ्रान्सनं कायदा करून कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. मंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेचं सवलतीचं तिकीट काढलं आणि त्याच वर्षी लाखो कामगारांनी ते वापरलं. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. माझ्या मते पर्यटनाच्या इतिहासात हा कायदा जेट विमानापेक्षा मोठा आहे. विमान येऊन उपयोग काय, माणसाला दिवसच मोकळा नसेल तर?

विमानं आलीच. १९५८ मध्ये बोइंग ७०७ अटलांटिकवर धावू लागलं, १९७० मध्ये ७४७. परदेशी जाणाऱ्या पर्यटकांचा आकडा १९५० मध्ये अडीच कोटी होता, तो २०१९ मध्ये १४६ कोटींच्या आसपास पोचला.

[दृश्य: विमानतळ, बंद काउंटर, सामान घेऊन ताटकळलेली माणसं.]

त्याच २०१९ मध्ये, २३ सप्टेंबरला, थॉमस कुक कंपनी बुडाली. परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना घरी आणायला सरकारला विमानं भाड्यानं घ्यावी लागली. प्रवाशाची जबाबदारी कंपनीनं टाकली, ती सरकारनं उचलली.

पण गावांची? फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. हजारो वर्षं टिकलेली चित्रं माणसांच्या श्वासानं आणि आर्द्रतेनं खराब होऊ लागली. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. आज पर्यटक पाहतात ती तिची प्रतिकृती. व्हेनिस काही बंद करता येत नाही. म्हणून २५ एप्रिल २०२४ पासून तिथं दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांना पाच युरोचं प्रवेशशुल्क लागू झालं, पहिल्या वर्षी ठरावीक २९ दिवस. जवळपास ४ लाख ८५ हजार लोकांनी ते भरलं. पुढच्या वर्षी दिवस वाढवून ५४ केले आणि ऐनवेळी येणाऱ्यांसाठी शुल्क दहा युरो झालं.