न आलेल्या रुग्णाचं नाव

(कोकणातल्या एका गावच्या वाचनालयात निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. भातकापणीचे दिवस असूनही तुम्ही एवढे जण आलात. बावीस वर्षं मी सरकारी आरोग्य केंद्रांतून काम केलं, तीही सगळी याच किनारपट्टीवर. आता कुठेही गेलो की एक प्रश्न विचारतो : तुमच्या गावचा दवाखाना चांगला आहे का?

उत्तरं ठरलेली असतात. डॉक्टर स्वभावाला चांगले आहेत. औषधं मिळतात. इमारत नवी झाली, लाद्या बसवल्या. मालवणकडच्या एका आजींनी मला सरळ विचारलं होतं, "सुई मारुक नाय तर तो डॉक्टर कसलो?" यातलं एकही उत्तर मी उडवून लावत नाही. तापाने फणफणलेलं पोर घेऊन पाखाडी उतरून आलेल्या आईशी डॉक्टर धड बोलला की नाही, हे महत्त्वाचंच आहे. पण आपल्या जिवाला ज्या गोष्टींनी खरा फरक पडतो, त्या या उत्तरांत येत नाहीत, कारण त्या बाकावर बसून दिसत नाहीत.

अवेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली एक निबंध लिहिला. उपचारांचा दर्जा तपासायच्या तीन जागा त्यांनी दाखवल्या. दवाखान्यात काय आहे, ती रचना. रुग्णासाठी प्रत्यक्ष काय केलं जातं, ती प्रक्रिया. आणि शेवटी रुग्णाचं काय झालं, ते फलित. आपण बहुतेक वेळा पहिल्या जागेवरच थांबतो. ती मोजायला सोपी आहे. खाटा मोजता येतात, शौचालय बघता येतं, डोंगराळ भागात २० हजार आणि सपाटीला ३० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आहे का, हे नकाशावरही दिसतं.

प्रक्रिया म्हणजे काय, ते आपल्या फुरशावरून, म्हणजे त्या विषारी सापावरून सांगतो. जांभ्याच्या सड्यावर, गवत कापताना, आंब्याच्या बागेत फुरसं चावतं. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, घोणस सापाचंही तसंच. ते ओळखायला मोठी लॅब लागत नाही. शिरेतून साधारण २ मिलिलिटर रक्त काढायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, २० मिनिटं तिला अजिबात हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय, प्रतिविष द्यायला हवं. नळी मात्र काचेचीच हवी. प्लॅस्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. आणि साबणाच्या पावडरने धुतलेली नळी चालत नाही, तीही फसवते. आता बघा, प्रतिविषाच्या कुप्या कपाटात आहेत, डॉक्टर हजर आहे, रचनेला पैकीच्या पैकी गुण. आणि नळी प्लॅस्टिकची. तुमच्यापैकी कुणी रुग्ण कल्याण समितीवर असेल, तर पुढच्या बैठकीत नव्या खुर्च्यांचा विषय येण्याआधी तेवढी काचेची नळी दाखवायला सांगा. रात्री दोन वाजता ती कुठे सापडेल, हे नर्सताईंना माहीत आहे का, तेही विचारा.

दुसरी प्रक्रिया तर फुकटची आहे, प्रश्न विचारण्याची. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत संशोधकांनी माणसांना शिकवून, रुग्ण म्हणून दवाखान्यांत पाठवलं. २०१२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. खेड्यातली तपासणी सरासरी ३.६ मिनिटांत संपत होती आणि विचारायलाच हवेत अशा प्रश्न-तपासण्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश होत होत्या. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? जुलै-ऑगस्टमध्ये ताप, अंगदुखी आणि पोटऱ्या दुखतायत म्हणून माणूस येतो. "लावणीला चिखलात उतरला होतास का? पायाला जखम आहे का?" हा एक प्रश्न विचारला तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात येणाऱ्या तापाचा, संशय येतो आणि वेळेवर साधं, स्वस्त अँटिबायोटिक सुरू होतं. नाही विचारला, तर पॅरासिटामॉल घेऊन तो घरी जातो आणि काही दिवसांनी डोळे पिवळे होऊन परत येतो. रांगेत ऐंशी माणसं असताना हा प्रश्न राहून जातो, हे मी अनुभवाने सांगतो. म्हणून तर तो डॉक्टरच्या आठवणीवर सोडू नये. केसपेपर लिहिणाऱ्यानेच दारात विचारून नोंदवावा.

फलिताबद्दल बोलताना मला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घ्यावंच लागतं. १९७६ च्या सुमारास ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं, त्यात लहान मुलं, डोळ्यांदेखत दगावत होती. त्या काळात "विंचवाने गेला" एवढीच नोंद पुरेशी मानली जायची. बावस्कर खाटेशेजारी बसून राहिले. घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, फुप्फुसांत पाणी कधी भरलं, हे सगळं लिहीत गेले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यांनी वापरली आणि पूर्वी दाखल झालेल्यांत ४० टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यू १ टक्क्याच्या आसपास आले. लोक याला शोध म्हणतात, तो आहेच. मला मात्र त्यात आधी एका आरोग्य केंद्राने घेतलेली स्वतःची परीक्षा दिसते. माणूस मेला तर का मेला, हे पुसून न टाकता लिहून ठेवणं.

सरकारी तपासणीही आहे. २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, आठ विभागांत गुण देतात, प्रमाणपत्राला ७० टक्के लागतात. २०१५ पासून स्वच्छतेसाठी कायाकल्प ही योजना आहे. त्यांनी प्रसूतिकक्ष सुधारले, सुयांची विल्हेवाट नीट होऊ लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पथक येतं, तेव्हा ते आलेल्या रुग्णांशी बोलतं. जो आलाच नाही, त्याच्याशी कोण बोलणार?

हा प्रश्न मला एका माणसाने शिकवला. खाडीपलीकडच्या वाडीतले गृहस्थ, होडीवर जाणारे. रक्तदाब वाढलेला सापडला, गोळ्या सुरू केल्या, दोन महिन्यांत उत्तम ताब्यात आला. माझ्या वहीत त्यांची शेवटची नोंद चांगली होती. शिमग्यात त्यांना पक्षाघात झाला. वही काढून पाहिली, तर ते सप्टेंबरनंतर आलेच नव्हते आणि आमच्यापैकी कुणालाही ते जाणवलं नव्हतं. रोजच्या बाह्यरुग्णांचा आकडा भरलेला होता, मग कोण कमी आहे ते कसं दिसणार? त्यांच्या बायकोने सांगितलं, गोळ्या पंधरा दिवसांच्याच मिळायच्या. प्रत्येक खेपेला आधी 'तर', म्हणजे खाडी ओलांडायची होडी, मग एसटी, आणि एक दिवसाची मजुरी बुडायची. त्यांनी बरं वाटतंय म्हणून सोडल्या नव्हत्या. परवडत नव्हतं म्हणून सोडल्या.

पुढे २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रात त्यासाठी आधी घेतलेल्या भंडारा, सातारा, वर्धा या जिल्ह्यांबरोबर आपला सिंधुदुर्गही होता. त्यात प्रत्येक रुग्णाचं कार्ड असतं, गोळ्या तीस दिवसांच्या द्यायच्या असतात. आणि हिशेब करताना तीन रकाने येतात : रक्तदाब १४०/९० च्या खाली, रक्तदाब अजून जास्त, आणि आलेच नाहीत. नोंदवलेला प्रत्येक माणूस या तिन्हींपैकी कुठे ना कुठे बसवावाच लागतो. कुणी गळत नाही. दर्जा मोजायची याहून प्रामाणिक पद्धत मी माझ्या नोकरीत पाहिली नाही, कारण तिसरा रकाना लिहिताना हात थबकतो.

आम्ही तो पहिल्यांदा लिहिला, तेव्हा नावांपुढे वाडीही लिहिली. अर्धी नावं त्याच खाडीपलीकडची निघाली, जिथली ती होडी पावसाळ्यात बंद असते. आशाताई म्हणाल्या, "सर, ही माणसं बेफिकीर नाहीत. जूनपासून त्यांना इकडे यायला वाटच नसते." त्यानंतर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गोळ्या आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्या वाडीच्या अंगणवाडीत जाऊन बसू लागलो, आणि पावसाळ्याचे साठे आशाताईंकडे ठेवले. पहिल्या दिवशी सकाळी आठलाच अंगणात माणसं थांबलेली होती. त्या गृहस्थांना मुलाने हाताला धरून आणलं होतं. त्यांचं कार्ड मी नव्याने भरलं.