हिंकल फील्डहाउस आणि हातात धरून ठेवलेला चेंडू

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपल्याला अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या राजधानीत, इंडियानापोलिस शहरात जायचे आहे. तेथे बटलर विद्यापीठाच्या आवारात विटांच्या भिंतींची आणि कमानदार छपराची एक विशाल इमारत आहे. तिचे नाव हिंकल फील्डहाउस. फील्डहाउस म्हणजे छप्पर असलेले क्रीडागृह. बाहेर बर्फ साचलेले असताना आत बास्केटबॉल खेळता यावा, यासाठी बांधलेले.

हे क्रीडागृह १९२८ साली सुरू झाले. ७ मार्च रोजी झालेल्या पहिल्या सामन्यात बटलरने नोटर डेम विद्यापीठाचा जादा वेळेत २१ विरुद्ध १३ असा पराभव केला. आसने होती १५,०००. पुढे १९५० पर्यंत बास्केटबॉलसाठी बांधलेले याहून मोठे क्रीडागृह अमेरिकेत नव्हते. बटलर हे काही देशातील सर्वांत मोठे विद्यापीठ नव्हे. मग त्याला एवढी आसने कशासाठी हवी होती? याचे उत्तर पैशाच्या हिशेबात सापडते. शहरातील ४१ व्यापारी-उद्योजकांनी एकत्र येऊन भांडवल उभे केले, आणि राज्यातील शालेय क्रीडा संघटनेशी करार झाला की शाळांच्या राज्य स्पर्धेचे अंतिम सामने येथेच भरवले जातील. श्रोतेहो, एवढे एक ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे: क्रीडागृह विद्यापीठाचे, पण त्याचे माप घेतले ते शाळांच्या स्पर्धेसाठी.

इमारतीचे छप्पर पोलादी कमानींनी पेलले आहे, त्यामुळे खेळाच्या जागेत कोठेही खांब आड येत नाही. सुरुवातीला मैदान पूर्व-पश्चिम होते. १९३३ मध्ये ते फिरवून उत्तर-दक्षिण करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात येथे सैनिकांच्या राहण्याची सोय केलेली होती. मात्र या वास्तूचे खरे वैभव तिच्या उंचावरच्या खिडक्यांत आहे. दुपारच्या सामन्यात त्यांतून ऊन थेट लाकडी जमिनीवर उतरते. हल्ली क्रीडागृहे काळ्या पेटीसारखी बंद बांधतात आणि भर दुपारी दिवे लावून खेळवतात. ज्यांना सूर्याची अडचण होते त्यांनी क्रीडागृहे बांधूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. असो.

आता मला ज्या गोष्टीसाठी आज आपल्यासमोर यायचे होते, त्या गोष्टीकडे वळतो.

इंडियानात त्या काळी शालेय बास्केटबॉलची एकच स्पर्धा होती. लहान शाळांचा वेगळा गट, मोठ्या शाळांचा वेगळा गट, असा प्रकार नव्हता. शाळा खेड्यातली असो वा कारखान्यांच्या शहरातली, सर्वांसाठी एकच करंडक. १९५४ साली या स्पर्धेत ७५१ शाळा उतरल्या होत्या, आणि त्यांत मायलन नावाच्या गावाची शाळा होती. लिहिताना हे नाव इटलीतील मिलान शहरासारखेच लिहितात, पण गावकरी त्याचा उच्चार मायलन असा करतात. शाळेतील विद्यार्थी एकंदर १६१, मुलगे आणि मुली मिळून. संघाचे प्रशिक्षक मार्विन वुड हे अवघे सव्वीस वर्षांचे तरुण होते.

२० मार्च १९५४ चा दिवस. दुपारी उपांत्य सामना, रात्री अंतिम सामना, अशी तेव्हाची रीत. म्हणजे त्याच मुलांनी एका दिवसात दोनदा धावायचे. मायलनने दुपारचा सामना जिंकला. रात्री समोर आली मन्सी सेंट्रल ही शाळा. मन्सी हे उद्योगांचे मोठे शहर, शाळा मायलनच्या कितीतरी पट मोठी, खेळाडू उंच, आणि राज्याचा करंडक त्यांनी यापूर्वी चार वेळा नेलेला.

पूर्वार्ध मायलनचा झाला. मध्यंतरानंतर मात्र त्यांचे नेम चुकू लागले, आणि तिसऱ्या सत्राच्या अखेरीस दोन्ही संघ २६ गुणांवर आले. मग मन्सीने दोन गुणांची आघाडी घेतली. २८ विरुद्ध २६, आणि मायलन मागे. आता आपण काय कराल? मागे पडलेला संघ घाई करतो, धावतो, मिळेल तेथून चेंडू फेकतो. वुड यांनी नेमके उलटे केले. त्यांच्या आदेशानुसार बॉबी प्लम्प नावाचा मुलगा मैदानाच्या मध्याजवळ चेंडू हातात धरून उभा राहिला. नुसता उभा राहिला. चेंडू आपटणे नाही, पास देणे नाही, पुढे सरकणे नाही. ठरावीक वेळेत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे, असा नियम शालेय खेळात तेव्हा नव्हता. आघाडीवर असलेल्या मन्सीलाही पुढे येऊन चेंडू हिसकावण्याची निकड नव्हती. त्यामुळे एक मुलगा चेंडू धरून उभा, त्याच्यासमोर दुसरा मुलगा उभा, आणि भोवती हजारो माणसे.

हे किती वेळ चालले? चार मिनिटे तेरा सेकंद. पुन्हा सांगतो: चार मिनिटे तेरा सेकंद. एवढ्या वेळात आपल्या घरी चहाचे आधण उकळते, पत्ती पडते, दूध पडते आणि चहा गाळून कपात येतो. आमच्यासारख्या ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्या माणसाला तर या गोष्टीने घाम फुटतो. त्या रात्री राज्यभर लोक रेडिओला कान लावून बसले होते, आणि काहीच घडत नसताना त्यांना काय सांगायचे? मुलगा उभा आहे. अजूनही उभा आहे. आमच्या व्यवसायात चार सेकंदांची शांतता झाली तरी वरिष्ठ विचारणा करतात.

अखेर प्लम्पने चेंडू टाकला, आणि तो चुकला! एवढ्या प्रतीक्षेनंतर चुकला. परंतु मन्सीच्या हातून चेंडू निसटला, आणि मायलनच्या रे क्राफ्टने बरोबरी साधली. प्लम्पने दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता घ्यायच्या एकेका गुणाच्या फेकी, टाकून ३० विरुद्ध २८ केले. मन्सीने पुन्हा गाठले. ३०-३०. अठरा सेकंद उरले असताना मायलनने खेळ थांबवून घेतला. ठरले असे की बाकीच्या चौघांनी मैदानाच्या एका बाजूला सरकायचे आणि दुसरी बाजू प्लम्पसाठी मोकळी सोडायची. प्लम्पने चेंडू घेतला, आपल्याला अडवणाऱ्या मन्सीच्या खेळाडूला एकीकडे हुलकावणी दिली, उजवीकडे वळला, थांबला आणि उडी मारून चेंडू सोडला. तो बास्केटमध्ये पडला तेव्हा सामना जवळजवळ संपलेलाच होता. ३२ विरुद्ध ३०.

एकशे एकसष्ट विद्यार्थ्यांच्या शाळेने ७५१ शाळांचा करंडक नेला. दुसऱ्या दिवशी संघ गावी परतला तेव्हा त्या चिमुकल्या गावात इतकी माणसे लोटली होती की रस्ते मोटारींनी तुंबून गेले. १९९७ नंतर संघटनेने शाळांचे पटसंख्येनुसार गट पाडले आणि एकाऐवजी अनेक करंडक वाटायला सुरुवात केली. लहान शाळांवर हा उपकार आहे असे म्हणतात. मला तसे वाटत नाही; मायलनच्या मुलांना लहानांचा करंडक मिळाला असता, तर त्यांचे नाव आज मी आपल्याला सांगत बसलो नसतो.

प्लम्प पुढे बटलर विद्यापीठातच शिकला आणि याच जमिनीवर टोनी हिंकल यांच्या हाताखाली खेळला. हिंकल १९२६ पासून १९७० पर्यंत येथे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते, शिवाय अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉलही तेच शिकवीत. पूर्वी बास्केटबॉल गडद तपकिरी असे आणि लाकडी जमिनीवर तो चटकन नजरेस येत नसे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्पाल्डिंग कंपनीच्या साह्याने नारिंगी चेंडू आणला तो त्यांनीच. १९६६ मध्ये क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्याने तेथे घाम गाळला त्याचे नाव, जाहिरातदाराचे नव्हे, हे मला विशेष आवडते.

मायलनने त्या स्पर्धेत वाटेत एका संघाला हरवले होते, आणि तोही सामना याच क्रीडागृहात झाला होता. तो संघ क्रिस्पस ॲटक्स शाळेचा. इंडियानापोलिस शहराने कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळे ठेवण्यासाठी १९२७ साली ही शाळा काढली होती, आणि १९४२ पर्यंत तिला राज्य स्पर्धेत प्रवेशच नव्हता. १९५५ साली ॲटक्सचा संघ परत आला. प्रशिक्षक रे क्रो आणि खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन. अंतिम सामन्यात त्यांनी गॅरी रूझवेल्ट शाळेला ९७ विरुद्ध ७४ असे हरवले. राज्य करंडक जिंकणारी ही इंडियानापोलिस शहरातील पहिलीच शाळा. विजेत्यांना अग्निशमन दलाच्या गाडीवरून शहराच्या मध्यवर्ती स्मारक चौकात नेण्याची आणि तेथे जल्लोष करण्याची प्रथा होती. ॲटक्सच्या मुलांची गाडीही चौकात आली, तिने एक फेरी घातली, आणि पुढे ती कृष्णवर्णीय वस्तीतील बागेकडे नेण्यात आली. जल्लोष तेथे करा, असे ठरवण्यात आले होते. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, ॲटक्सने एकही सामना न हरता करंडक पुन्हा जिंकला, आणि तोही याच जमिनीवर.

शाळांचे अंतिम सामने युद्धातील तीन वर्षे वगळता १९७१ पर्यंत येथे होत राहिले. १९८७ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणानंतर आसने ९,१०० च्या आसपास उरली. खिडक्या मात्र राखल्या गेल्या, आणि दुपारच्या सामन्यात उन्हाचा पट्टा आजही जमिनीवरून सरकत जातो. वेळ संपल्याची खूण मला काचेपलीकडून होत आहे. नमस्कार.