पाचट कोण पेटवतं?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, आणि सत्कार संपेपर्यंत तग धरून बसलेल्या श्रोत्यांनो,

मला पाऊण तास दिला होता. त्यातली वीस मिनिटं हार-नारळात गेली. तक्रार नाही, शाल चांगली आहे. पत्रिकेत विषय छापलाय, ‘पिकांचे अवशेष जाळल्याने होणारे वायुप्रदूषण व मानवी आरोग्य’. एवढं बोलताना दम्याच्या माणसाला मध्ये थांबून पंप घ्यावा लागेल. माझा विषय तीन शब्दांचा आहे: पाचट कोण पेटवतं? पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर शेतात उरलेला वाळका पाला.

धूर म्हटला की आपण दिल्लीकडं बोट करतो. पंजाबात पराळी, म्हणजे भाताचा उरलेला पेंढा, पेटते, दिल्ली खोकते आणि आपण टीव्हीसमोर हळहळतो. त्यांची अडचण तरी बघा. जमिनीतलं पाणी वाचावं म्हणून २००९ साली पंजाबनं कायदा करून भाताची लावणी पुढं ढकलली. कापणीही लांबली, आणि गव्हाच्या पेरणीआधी उरले जेमतेम दोन-तीन आठवडे. म्हणून काडी ओढली जाते. आपल्याकडं विचारलं तर म्हणतात, “पाटाचं पाणी अडतं, उंदीर होतात.” आणि शेजाऱ्यानं पेटवलं, मग आपलंच कशाला ठेवायचं? हसू नका, पहिल्या दोन रांगांत बागायतदारच बसलेत. अध्यक्षांचाही ऊस आहे, ते हसले नाहीत.

तर माझी गोष्ट. माझ्या दवाखान्यात एक आजी यायच्या. सत्तरीच्या, काटक. दर वर्षी साखर कारखाने सुरू झाले की खोकला सुरू, आणि पाडव्यापर्यंत छातीत शिट्ट्या. मी विचारायचो, “आजी, बिडी ओढता का?” त्या चिडायच्या. “मिश्रीबी न्हाई लावत मी!” चूल? गॅस येऊन कैक वर्षं झालेली. मी कागदावर लिहायचो ‘धूम्रपान नाही’, पंप द्यायचो आणि पाठवून द्यायचो. अशी तीन वर्षं गेली. डॉक्टर हुशार होता, बरं का, सुवर्णपदक वगैरे.

चौथ्या वर्षी सोबत नातू आला. तो सहज म्हणाला, “डॉक्टर, लवकर सोडा, संध्याकाळी पाचट पेटवायचंय, आजीला बांधावर उभं राहायचंय.” म्हटलं, हे काय? तर पोरं काडी लावून लांब जातात. आग शेजाऱ्याच्या उभ्या उसात जाऊ नये म्हणून हिरवा फांदोरा आणि पाण्याची घागर घेऊन म्हातारी बांधावर उभी. वारा जिकडं वाहतो, त्याच बाजूला. राखण तिथंच लागते ना! आणि आपलं झालं की भावकीचं. आजी म्हणाल्या, “पेटवाय समदी हायत, इझवाय मी एकटी.”

त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर बिडीच्या खाली एक ओळ वाढली. पाचट कोण पेटवतं, राखणीला कोण असतं? ऊसतोडीच्या टोळ्यांनाही विचारतो. जळीत ऊस तोडायचा, काजळीनं माखायचं आणि रात्री पाचटाच्याच खोपीत झोपायचं. त्यांना पंप लिहून दिला तरी पुढच्या तपासणीला ते भेटतात कुठं? टोळी पुढच्या गावाला गेलेली असते.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ आता छापलेला विषय पळवतो.

वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी फुलं पडतात, त्यावरून आळीत भांडणं होतात. ती राख नाकात अडते, शिंकरली की गेली. खरा घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा हिस्सा. तो फुप्फुसातल्या वायुकोशापर्यंत पोचतो, त्यातला काही रक्तात उतरतो. म्हणून दम्याबरोबर हार्ट अटॅक आणि पक्षाघातही वाढतो. एक घनमीटर हवेत असे कण चोवीस तासांत सरासरी १५ मायक्रोग्रॅमपर्यंत असावेत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपल्या देशाची मर्यादा ६० आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं असतात. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचं वजनही अशा हवेत कमी भरू शकतं.

आणखी एक. आपण पेटवतो संध्याकाळी, वारा पडल्यावर, आग पसरू नये म्हणून. शहाणपणच ते. पण थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिथंच बसते आणि धूरही वर न जाता गावात मुक्काम करतो. शेत वाचतं, छाती अडकते.

उपाय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. कुट्टी करा किंवा सरीआड सरी दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं संवर्धक टाका. ओल टिकते, तण दबतं. कुट्टीचं यंत्र भाड्यानं परवडत नाही, हे मला मान्य आहे. त्यावर बोलणार होतो, पण ती वीस मिनिटं या शालीत गेली.

दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. ज्यांना खोकला आहे त्यांनी जाताना भेटा. फी नाही. फक्त बांधावर कोण उभं असतं, ते खरं सांगायचं.