पॅलाडिओच्या घरात मुक्काम: विला सारासेनो आणि भोवतालचा मुलूख

नमस्कार मंडळी! आज एकाच घराबद्दल बोलायचंय, पण अगदी निवांत. आधी हा फोटो नीट बघा. मधोमध तीन कमानी, वर त्रिकोणी शिखर, समोर पायऱ्या. एखादं छोटं रोमन देऊळच वाटतं. आता नजर आणखी वर न्या, पार छपराखाली. त्या बुटक्या खिडक्या दिसतायत? माझ्या मते अख्ख्या घराची किल्ली तिथे आहे. त्या खिडक्यांमागे धान्य साठवायचे. पूर्ण पोटमाळा म्हणजे कोठार!

हे आहे विला सारासेनो. उत्तर इटलीत, विचेन्झा शहराच्या दक्षिणेला, आगुल्यारो गावाजवळ. बियाजिओ सारासेनो या जमीनदारासाठी आंद्रेआ पॅलाडिओने १५४०च्या दशकात ते बांधलं. पॅलाडिओ म्हणजे जगभरच्या वास्तुरचनेवर ज्याची छाप आहे तो माणूस. जन्म १५०८ सालचा, पादुआचा, आणि सुरुवात केली ती पाथरवट म्हणून. त्यामुळे दगड किती महाग पडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याची ही घरं बहुतेक विटांची आहेत, वर गिलावा. दूरून संगमरवरी वाटणारे त्याचे कितीतरी खांबसुद्धा आतून विटांचेच. मला त्याचं हेच फार आवडतं: साध्या सामानातून त्याने भारदस्तपणा उभा केला, तो निव्वळ प्रमाणाच्या जोरावर.

आता प्रश्न असा, की शेतात एवढं देखणं घर बांधायची गरज काय पडली? त्यासाठी व्हेनिसकडे, म्हणजे तेव्हा या मुलखावर राज्य करणाऱ्या सागरी प्रजासत्ताकाकडे बघावं लागतं. १५०९मध्ये युरोपातल्या मोठ्या सत्तांनी मिळून व्हेनिसला हरवलं. मुख्य भूमीवरचा बराचसा प्रदेश हातचा गेला, तो बहुतेक परत यायला १५१७ उजाडलं. त्यातच समुद्री व्यापाराची पूर्वीची खात्री राहिली नव्हती. पैसा हळूहळू जमिनीकडे वळला. दलदली उपसायच्या, कालवे काढायचे, पीक घ्यायचं. १५५६मध्ये तर व्हेनिसने पडीक जमिनी लागवडीखाली आणायला खास खातंच उघडलं. मालकाला पेरणी-कापणीवर लक्ष ठेवायला शेतावर राहणं भाग होतं, आणि राहायचं तर इभ्रतीने. या दोन्ही गरजा पॅलाडिओने एकाच छपराखाली बसवल्या.

१५७०मध्ये छापलेल्या आपल्या वास्तुकलेवरच्या ग्रंथात पॅलाडिओ सांगतो की घर जमिनीच्या मधोमध असावं, जमलं तर नदीकाठी, म्हणजे माल होडीतून नेता येतो. घराला जोडून लांब पडव्या असाव्यात, म्हणजे मालकाला पावसात न भिजता सगळीकडे फिरता येईल. सारासेनोच्या आराखड्यात अशा पडव्या दोन्ही बाजूंना होत्या, पण ठरल्याप्रमाणे सगळं बांधून झालंच नाही. ग्रंथातलं चित्र आणि आजचं घर शेजारी ठेवून बघा, ते अपुरेपण लगेच दिसतं.

पुढे या घराची पार दुरवस्था झाली. १९८९मध्ये ब्रिटनच्या लँडमार्क ट्रस्टने ते विकत घेतलं. ही संस्था सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी क्रिश्चियन यांनी १९६५मध्ये काढली. पडायला आलेल्या जुन्या वास्तू दुरुस्त करायच्या, सुट्टीसाठी भाड्याने द्यायच्या आणि त्याच पैशातून त्या जपायच्या, असं त्यांचं काम. १९९४पर्यंत दुरुस्ती झाली. आता इथे एका वेळी १६ जण राहू शकतात. म्हणजे भित्तिचित्रांच्या खोलीत दोरीपलीकडे उभं राहायचं नाही, तिथे बसून सकाळचा चहा घ्यायचा! जुनं घर टिकवायचा यापेक्षा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

पण मंडळी, घरातच बसून राहू नका. मुलूख सपाट आहे, सायकल काढा. कालव्याच्या कडेने जाताना लक्षात ठेवा, हे पाणी माणसाने वळवलंय. वाटेत मका दिसला तर थांबून बघा. तो अमेरिकेतून आला आणि याच प्रदेशात पोलेन्टा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी बनून गरिबांच्या ताटात पोचला.

नैर्ऋत्येला पोयाना मॅज्जोरे गावात पॅलाडिओचाच विला पोयाना आहे. त्याच्या दर्शनी कमानीभोवती पाच गोल भोकं आहेत, कोरीवकाम जवळजवळ नाहीच. इथे घाई करू नका. सावली सरकते तसं ते दार बदलत जातं. आणखी पुढे मोंतान्याना. सुमारे दोन किलोमीटरचा मध्ययुगीन तट, २४ बुरूज, आणि वेशीच्या अगदी बाहेर पॅलाडिओचा विला पिसानी.

विचेन्झासाठी मात्र वेगळा दिवस ठेवा. हे शहर १९९४पासून जागतिक वारसा यादीत आहे, १९९६मध्ये भोवतालच्या प्रदेशातले विलाही त्यात आले. गावाबाहेर टेकडीवर ला रोतोंदा उभा आहे, चारही बाजूंना सारखे खांब, वर घुमट. पाओलो अल्मेरिको या व्हॅटिकनमधून परतलेल्या धर्मगुरूसाठी तो बांधला. सगळे फोटो त्याचेच काढतात, तुम्हीही काढाल. फक्त तिथे उभं राहून एक गोष्ट शोधा: धान्य कुठे ठेवत असतील? सापडायचं नाही. पॅलाडिओने स्वतःच त्याची गणना शेतावरच्या घरांत केली नाही, शहरी वाड्यांत केली.

मग संध्याकाळी सारासेनोला परत या, जिना चढून पोटमाळ्यावर जा आणि त्या बुटक्या खिडकीतून बाहेर बघा. खाली शेतं अजून आहेत.