गाव शांत का आहे?

आत्ता ऐकलेल्या तुकड्यात पियानो होता, व्हायब्राफोन होता आणि मागे कुठेतरी बेडूक नि पक्षी. पक्ष्याचा आवाज आला तेव्हा तुमच्यातल्या दोघातिघांनी खिडकीकडे पाहिलं. तो पक्षी म्हणजे माणूस आहे. ऑगी कोलोन हा मार्टिन डेनी या अमेरिकन पियानोवादकाच्या वाद्यवृंदातला तालवादक. बोंगो-कोंगा वाजवता वाजवता तो तोंडाने असे आवाज काढायचा. धून लेस बॅक्स्टर या अमेरिकन संगीतकाराची, नाव ‘क्वाएट व्हिलेज’, म्हणजे शांत गाव. डेनीने ती डिसेंबर १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित केली आणि पुढच्या वर्षी ‘एक्झॉटिका’ नावाच्या एलपीवर ती आली. १९५९ मध्ये ती एलपी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. त्या एका तबकडीच्या नावावरून या सगळ्या संगीताला एक्झॉटिका म्हणायला लागले. हॉटेलच्या लाउंजमध्ये, हातात पेला घेऊन, गप्पा न थांबवता ऐकायचं संगीत.

मी हे संगीत मनापासून ऐकत आले आहे, हे आधीच सांगते. माझे बाबा हवाईयन गिटार वाजवायचे. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, आणि सिनेमाचं गाणं शब्दांशिवाय गळ्यातून आल्यासारखं उमटायचं. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांतून आणि मध्यमवर्गीय घरांतून ही गिटार खूप होती. लहानपणी मला वाटायचं, हवाई म्हणजे हवेतली. आवाजही तसाच, तरंगणारा. ते एकेकाळच्या एका देशाचं नाव आहे, तिथे एक भाषा आहे, तिथे राणी होती, हे कुणी सांगितलं नाही. बाबांनाही कुणी सांगितलं नसावं. पुढे चोरबाजारात डेनीची एक तबकडी मिळाली, कव्हरवर बांबूच्या पडद्याआडून बघणारी बाई. घरी आणून लावली तेव्हा बाबांच्या गिटारीशेजारची जागा तिला आपोआप मिळाली. कित्येक वर्षं ती मी संध्याकाळी दिवे मंद करून ऐकत असे.

मग एकदा मला तारखा लिहून काढायची बुद्धी झाली. एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे तबकड्यांची सालं. उजवीकडे त्याच सालांत हवाई आणि पॅसिफिक महासागरातल्या इतर बेटांवर काय चाललं होतं ते. आज मी जे सांगणार आहे ते सगळं त्या उजव्या रकान्यातून आलं आहे.

आधी बेडकांची गोष्ट, कारण ती डेनी स्वतः आवडीने सांगायचा. होनोलुलूत वायकिकी किनाऱ्यावर हेन्री कायझर या उद्योगपतीचं हवाईयन व्हिलेज नावाचं हॉटेल होतं. तिथल्या शेल बारमध्ये डेनीचा वाद्यवृंद वाजवायचा. शेजारी एक तळं. धून सुरू झाली की तळ्यातले बेडूक ओरडायला लागत, धून थांबली की गप्प होत. वादकांनी गमतीत पक्ष्यांचे आवाज काढून त्यांना साथ दिली. दुसऱ्या दिवशी एक पाहुणा येऊन म्हणाला, कालची ती पक्षी आणि बेडकांची चीज वाजवा. डेनीला आपला सूर सापडला तो असा. गोष्ट गोड आहे. पण हवाईत मुळात एकही बेडूक नव्हता. ती बेटं समुद्राच्या इतकी मधोमध आहेत की तिथवर बेडूक पोचलेच नव्हते. जे आहेत ते माणसांनी बाहेरून आणलेले. म्हणजे ज्या आवाजाला जगाने ‘हवाईची रात्र’ मानलं, तो हवाईचा नव्हता.

मग हवाईचा आवाज कुठला? त्यासाठी उजव्या रकान्यात वरपर्यंत जायला लागतं. १७ जानेवारी १८९३. ऊस आणि व्यापारातल्या मंडळींनी, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानीला सिंहासनावरून खाली ओढलं. १८९५ मध्ये तिला तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या एका खोलीत कित्येक महिने कैदेत ठेवलं. १८९६ च्या कायद्याने शाळेत इंग्रजी हेच माध्यम झालं आणि हवाईयन बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होऊ लागल्या. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली. ही राणी संगीतकार होती. ‘अलोहा ओए’ हे जगभरच्या पर्यटकांना पाठ असलेलं गाणं तिचं आहे. कैदेतही ती गाणी रचत होती. तिचं निरोपाचं गाणं बोटीवरच्या पाहुण्यांच्या करमणुकीचं झालं आणि ती कोण, हे कुणी विचारेना.

आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. रत्नागिरीला सूर्यास्त बघायला आपण थिबा पॉइंटवर जातो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी गादीवरून काढून १८८६ मध्ये तिथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. डेनीच्या वाद्यांत ब्रह्मी घंटा होत्या, कव्हरांवर त्यांचं कौतुक असायचं. त्या घंटांचा नाद ऐकताना मला हल्ली रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठवतो.

आता हवाई बेटांच्या आणखी पश्चिमेला चला. फेब्रुवारी १९४६, बिकिनी. मार्शल बेटांतलं एक कंकण, म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेट. एका रविवारी प्रार्थनेनंतर अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याने तिथल्या लोकांना सांगितलं, तुमचं बेट काही काळापुरतं द्या, मानवजातीच्या भल्यासाठी अणुबाँबची चाचणी करायची आहे. मार्चमध्ये १६७ माणसं बोटीत बसून निघाली. जुलैत पहिली चाचणी झाली आणि चारच दिवसांत त्या बेटाचं नाव पोहायच्या कपड्याला लागलं, इतकं ते जगाच्या कानाला गोड वाटलं. १९५८ पर्यंत मार्शल बेटांत ६७ चाचण्या झाल्या. सर्वांत मोठी १ मार्च १९५४ ची, १५ मेगाटनची, हिरोशिमाच्या हजारपट. शेजारच्या राँगेलाप बेटावर दुपारी पांढरी राख पडू लागली आणि पोरं तिच्यात खेळली. दोन दिवसांनी लोकांना हलवलं. १९५७ मध्ये, आता धोका नाही, असं सांगून त्यांना परत नेऊन सोडलं. आजारपणं आणि मरणं सोसत ती माणसं तिथे राहिली आणि १९८५ मध्ये स्वतःच बेट सोडून गेली.

१९५७. डाव्या रकान्यात ‘एक्झॉटिका’, उजव्या रकान्यात राँगेलाप. हा कागद समोर असताना मी पुन्हा तबकडी लावली आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं: गाव शांत का आहे? गावातली माणसं कुठे गेली? पूर्ण धुनेत एक माणूस बोलत नाही, हाक मारत नाही, कुणाचं पोर रडत नाही. बेडूक आहेत, पक्षी आहेत, वारा आहे. आपल्याकडच्या कुठल्याही गावाचा आवाज डोळे मिटून आठवा. त्यात माणूस आधी येतो.

बॅक्स्टरने किंवा डेनीने कुणाला बेटावरून हाकललं नाही, आणि माझा आरोप तसा नाहीच. पॅसिफिकमध्ये लढून परतलेले सैनिक, नवी उपनगरं, नवा हायफाय संच, १९५८ पासून घराघरांत येऊ लागलेला स्टिरिओ. डाव्या कर्ण्यातून पक्षी, उजव्यातून उत्तर. त्या दिवाणखान्याला एक स्वप्न हवं होतं आणि त्या स्वप्नात भूभाग हवा होता, माणसं नको होती. वादकांनी ते फार कौशल्याने विणून दिलं. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बाँब फोडला. होनोलुलूतल्या हॉटेलांनी तो बघायला गच्च्यांवर मेजवान्या ठेवल्या होत्या. सुमारे चौदाशे किलोमीटरवरून आकाश रंगीत झालं आणि ओआहू बेटावरचे रस्त्यातले काही दिवे विझले. तो प्रसंग वाचला त्या रात्री मी तबकडी लावली नाही.

टिकी बारबद्दल थोडक्यात. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात सुरू झालेले हे बार पुढे देशभर पसरले. तिथे दारू पॅसिफिक बेटांवरच्या देवांच्या आणि पूर्वजांच्या कोरीव चेहऱ्यांच्या पेल्यांतून देत. आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकावरच्या चेहऱ्याचा पेला करून कुणी त्यातून रम प्यायलं, तर आपल्याला काय वाटेल, तेवढंच मनात आणा.

आता ज्या माणसासाठी मी आज इथे उभी आहे, त्याच्याकडे येते. कोरला पंडित. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीवर तो दिसू लागला. डोक्याला पागोटं, मधोमध चमकणारा खडा, समोर हॅमंड ऑर्गन, आणि थेट कॅमेऱ्यात रोखलेले मोठे डोळे. दिल्लीत जन्म, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच गायिका, अशी ओळख. सुमारे नऊशे भाग झाले म्हणतात, आणि तो एक शब्दही बोलला नाही. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या बायका त्याच्या नजरेसाठी टीव्ही लावत. लाउंज संगीताचा पहिला दूरचित्रवाणी तारा तो हाच.

१९९८ मध्ये तो वारला. २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मासिकात आर. जे. स्मिथ या पत्रकाराने त्याचं खरं नाव छापलं: जॉन रोलंड रेड. जन्म १९२१, मिझुरी राज्य. वडील बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंब.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. आमचं पागोटं, आमचं आडनाव, आणि ‘कोरला’ हे नाव तर आपल्या कुठल्याच भाषेत नाही. राग फार टिकला नाही. त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या संघटनासुद्धा दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी. १९५३ मध्ये त्या एक झाल्या. चांगली कामं गोऱ्यांच्या संघटनेकडे. म्हणून जॉन आधी ‘हुआन रोलांडो’ होऊन मेक्सिकन झाला. त्याची बायको बेरिल गोरी होती. त्यांनी १९४४ मध्ये सीमा ओलांडून मेक्सिकोत लग्न केलं, कारण कॅलिफोर्नियात असं लग्न १९४८ पर्यंत कायद्याला मान्य नव्हतं. पागोटं बांधल्यावर तोच माणूस, तोच रंग, गोऱ्यांच्या बैठकीत आदराने आला. तो एकटा नव्हता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कचे जेसी राउटे हे कृष्णवर्णीय पाद्री पागोटं बांधून अलाबामात गेले. जिथे त्यांना आधी अपमान सोसावा लागला होता, तिथे आता लोक अदबीने वागले.

आणि खरा भारतीय? १९४६ च्या कायद्याने वर्षाला शंभर भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायची मुभा मिळाली. शंभर. त्याआधी तेवढीही नव्हती. खऱ्याला दार जवळजवळ बंद, आणि बनवलेला भारतीय रोज दुपारी प्रत्येक घरात. बनवलेला चालला, कारण तो बोलत नव्हता. बोलला असता तर मिझुरीची बोली ऐकू आली असती. त्याच्या मुलांसमोरही त्याने तोंड उघडलं नाही, त्यांना वडिलांचं घराणं ठाऊक नव्हतं. आईवडील, भावंडं असताना जन्मभर परक्या गावचा होऊन राहायचं. मी त्याचे जुने तुकडे पाहते तेव्हा बोटांकडे पाहते. ती फार सुंदर चालतात. चर्चमध्ये शिकलेली बोटं आहेत ती, आणि ते त्या पागोट्याला झाकता येत नाही.

पेरूची गायिका इमा सुमाक याच दुनियेतली. तिचं उलटं झालं. ती खरोखर पेरूची, चार सप्तकांहून मोठा गळा, पण तिच्याभोवती इंका राजकन्येची इतकी आरास केली की लोक म्हणायला लागले, ही ब्रुकलिनमधली एमी कामुस आहे, इंग्रजी अक्षरांत नाव उलटं वाचा. खऱ्या माणसाला खोटं ठरवलं गेलं.

आपण मात्र हे ऐकून फक्त अमेरिकेकडे बोट दाखवू नये. आपल्या सिनेमातला ‘झिंगालाला’ आठवा. पानं गुंडाळलेली, पिसं खोवलेली माणसं, अर्थ नसलेली भाषा, मध्ये खांबाला बांधलेला नायक. त्याच वर्षांत पालघर-डहाणूच्या पाड्यांवर वारली माणसं तारप्याच्या सुरावर फेर धरत होती, आणि त्यांची गाणी अर्थाने भरलेली होती. तारपा रिसॉर्टच्या भिंतीवर रंगवलेला आपण शेकडो वेळा पाहिला. वाजताना किती जणांनी ऐकला?

एक उत्तर मला फार आवडतं. १९५९ च्या डेनीच्या ‘फायरक्रॅकर’ या धुनेत चिनी-जपानी वळणाचे सूर अमेरिकन कल्पनेतून आलेले होते. १९७८ मध्ये टोकियोत हारुओमी होसोनो आणि त्याच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने तीच धून संगणक आणि सिंथेसायझरवर वाजवली. होसोनोचं डेनीवर प्रेम होतं. त्याने ती वस्तू फेकली नाही, हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि आपल्या आवाजात परत केली. ज्याचं चित्र काढलं होतं, त्याने ब्रश घेतला.

शेवटी दोन आवाज ऐकवते. पहिला पुन्हा ऑगी कोलोनचा पक्षी. दुसरा कौआई बेटावरच्या ओओ पक्ष्याचा. हा खरा हवाईचा, बासरीसारखा. नर आणि मादी मिळून गायचे. एकाने ओळ घ्यायची, दुसऱ्याने ती पुरी करायची. उरलेला एकटा नर १९८७ मध्ये शेवटचा ऐकला गेला, आणि २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने ही जात नामशेष झाल्याचं जाहीर केलं. ध्वनिमुद्रणात तो एक ओळ गातो आणि थांबतो. ती थांबलेली जागा ऐका. मी आवाज जरा वाढवते. मागचे पंखे बंद करता आले तर बरं होईल.